डबी आणि हिशेब

(शब्बाथ शाळेचा वरिष्ठ वर्ग व मंडळीतील अभ्यासवर्ग ह्यांसाठी धडा)

शास्त्रभाग: योहान १२:१-८, प्रेषितांची कृत्ये ५:१-११, २ राजे १२:४-१५, २ करिंथ ८:१६-२१.

धड्याचा उद्देश: लोकांच्या नावाने जमलेला पैसा ज्याच्या हाती असतो त्याने हिशेब उघडा का ठेवावा, आणि तो हिशेब मागण्याचा आपला अधिकार आपण कशाने गमावतो, हे समजून घेणे.

प्रस्तावना

पांढुर्णा व सौंसर ह्या आपल्या दोन तहसिलींची स्थिती थोडी निराळी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर व विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी, कचेरीत हिंदी. मत द्यायचे ते भोपाळच्या विधानसभेसाठी, पण वर्तमानपत्र वाचायचे ते पुष्कळदा नागपूरचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, तरी ही स्थिती बदललेली नाही. त्यामुळे दोन्ही राज्यांतील पुढाऱ्यांच्या बऱ्यावाईट गोष्टी आपल्या कानी पडतात.

निवडणूक आली की गावात गाड्या फिरू लागतात, मंडप पडतात, जेवणावळी उठतात. हा पैसा कोठून आला असे कोणी विचारले तर लोक हसतात व म्हणतात, "अहो, सगळेच खातात!" हे वाक्य आपल्या मंडळीतही ऐकू येते. पुढाऱ्यांना नावे ठेवण्यासाठी हा धडा लिहिलेला नाही. ते काम चावडीवर रोज होतच असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्ण्याचे व सावरगावचे लोक एकमेकांवर दगड फेकतात, तशी राजकारणातही गोटमार चालते. प्रत्येक जण पलीकडच्या काठावरच्या चोराला दगड मारतो, आपल्या काठावरचा चोर मात्र त्याला दिसत नाही. आपण दगड खाली ठेवू या, आणि ह्या पापाचे खरे स्वरूप काय व त्यावर पवित्र शास्त्र कोणता उपाय सांगते, ते शांतपणे पाहू या.

१. गरिबांच्या नावाने बोललेला चोर

बेथानी गावी प्रभू येशूसाठी भोजन केले होते. मार्था वाढीत होती, लाजर पंक्तीला बसला होता. मरियेने जटामांसीचे अतिशय मोलवान तेल आणून प्रभूच्या चरणांना लावले. तेव्हा यहूदा इस्कर्योताने हरकत घेतली. त्याचे म्हणणे असे की, हे तेल विकले असते तर तीनशे दीनार आले असते व ते गरिबांना देता आले असते. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे आपल्याला मत्तय २०:२ वरून कळते. म्हणजे ही रक्कम मजुराच्या जवळजवळ वर्षभराच्या कमाईइतकी झाली.

आता यहूदाचे बोलणे नीट पाहा. त्यात चुकीचा एकही शब्द नाही. गरिबांची काळजी घ्यावी हे नियमशास्त्रात आहे, संदेष्ट्यांनी सांगितले आहे व प्रभूनेही शिकवले आहे. परंतु योहान लागलीच खुलासा करतो की, यहूदाला गरिबांची कळकळ नव्हती. तो चोर होता, शिष्यांची डबी त्याच्याजवळ असे आणि तिच्यात पडलेले तो काढून घेई. तीनशे दीनार डबीत आले असते तर त्यांतले किती गरिबांपर्यंत पोहोचले असते, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

येथे आणखी एक गोष्ट शिक्षकांनी वर्गाच्या नजरेस आणावी. मत्तय २६:८ मध्ये ह्याच प्रकारच्या प्रसंगी शिष्यांना राग आला असे लिहिले आहे, आणि मार्क १४:४ मध्ये कित्येकांना राग आला असे आहे. म्हणजे ही तक्रार एकट्या यहूदाची राहिली नाही. जे प्रामाणिक होते, ज्यांनी डबीला कधी हात लावला नव्हता, तेही तेच बोलू लागले. ढोंगी मनुष्याचे सामर्थ्य ह्यातच असते. तो वाईट गोष्ट वाईट शब्दांत बोलत नाही. चांगल्या माणसांच्या तोंडचे चांगले शब्द तो उसने घेतो, आणि चांगली माणसे त्याला होकार देतात.

तात्पर्य, ढोंग म्हणजे नुसते खोटे बोलणे नव्हे. उत्तम हेतूचे नाव पुढे करून त्याच्या आड आपला स्वार्थ लपवणे, हे ढोंग होय. साध्या चोराने चोरी केली तर घरमालकाचे नुकसान होते. गरिबांच्या नावाने चोरी झाली तर गरिबांचेही नुकसान होते, आणि पुढे कोणी खऱ्या मनाने गरिबांसाठी हात पसरला तर त्याच्यावरही लोकांचा विश्वास बसत नाही.

२. आपल्या काळातील दोन दाखले

पहिला दाखला महाराष्ट्राचा आहे. जून १९८० मध्ये बॅ. ए. आर. अंतुले महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान' हा न्यास स्थापन झाला. साहित्यिक व कलावंतांना मदत करणे हा त्याचा जाहीर हेतू. ह्याहून चांगला हेतू कोणता असेल? त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. सिमेंट बाजारात सहज मिळत नसे. परवाना लागे, वाटप सरकारच्या हाती होते, आणि मुंबईत इमारती बांधणाऱ्यांना तर ते अत्यंत निकडीचे होते. ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस 'इंडियन एक्सप्रेस' ह्या वृत्तपत्रात अरुण शौरी ह्यांनी ह्या न्यासाच्या देणग्यांविषयी लेख लिहिला व देशभर खळबळ उडाली. पी. बी. सामंत आदींनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती लेंटिन ह्यांनी निकाल दिला, की बांधकाम व्यावसायिकांना दिलेले सिमेंट आणि न्यासाला मिळालेल्या देणग्या ह्यांत संबंध होता. त्याच महिन्यात अंतुले ह्यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले.

पुढची हकीकतही सांगितली पाहिजे, नाहीतर आपणच अर्धे सत्य सांगितल्यासारखे होईल. त्यांच्यावरील फौजदारी खटला वर्षानुवर्षे रेंगाळला. खटला उच्च न्यायालयाकडे वर्ग करण्याचा आधीचा आदेश १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चुकीचा ठरवून रद्द केला. अखेर त्यांना ह्या प्रकरणात शिक्षा झाली नाही, आणि १९९५ मध्ये ते केंद्रात मंत्री झाले.

दुसरा दाखला आपल्याच राज्याचा आहे. चुरहट येथील बालकल्याण समितीला मुलांच्या कल्याणासाठी म्हणून लॉटरी काढून पैसा जमवू देण्यात आला होता. अर्जुन सिंह हे चुरहटचे. त्यांच्या १९८० ते १९८५ ह्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातील हे प्रकरण. त्या लॉटरीच्या पैशाविषयी व तिला मिळालेल्या सवलतींविषयी तक्रारी झाल्या आणि वाद मध्य प्रदेश उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८९ मध्ये अर्जुन सिंह ह्यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांनाही ह्या प्रकरणी शिक्षा झाली नाही.

कोण किती दोषी होता हे ठरवणे आपले काम नाही. परंतु दोन्ही ठिकाणी डबीवर कोणते नाव लिहिले होते ते पाहा: एकीवर कलावंत, दुसरीवर लहान मुले. अशा वेळी नेहमी एक समर्थन ऐकू येते, की पैसा कोणाच्या खिशात गेला नाही, चांगल्या कामासाठीच जमवला. समजा, ते अगदी खरे आहे. तरी एक प्रश्न उरतोच. ज्याने देणगी दिली त्याने ती कलेच्या प्रेमाने दिली, की सिमेंटच्या परवान्यासाठी? सत्तेच्या खुर्चीवर बसलेल्याने पुढे केलेली डबी देणाऱ्याला कधीच साधी डबी वाटत नाही. म्हणूनच निर्गम २३:८ मध्ये लाच घेऊ नये असे सांगताना, ती डोळस माणसालाही आंधळे करते असा इशारा दिला आहे.

३. हनन्याचा गुन्हा आणि निवडणूक खर्चाचा तक्ता

हनन्या व सप्पीरा ह्यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली आहे. त्यांनी जमीन विकली, किमतीतले काही मागे ठेवले व बाकीचे प्रेषितांच्या चरणी आणून ठेवले. पुष्कळ मुलांना वाटते की पैसे मागे ठेवले म्हणून त्यांना शिक्षा झाली. वर्गात हा गैरसमज अवश्य दूर करावा. पेत्राने स्पष्ट सांगितले की जमीन त्यांचीच होती, आणि विकल्यावरही पैसा त्यांच्याच अधिकारात होता. सर्व द्यावे अशी सक्ती कोणी केली नव्हती. त्यांचा अपराध हा की, काही दिले असता सर्व दिले असे त्यांनी दाखवले. हा खोट्या हिशेबाचा अपराध होता, आणि पेत्र म्हणतो की तो माणसांशी नव्हे तर देवाशी केलेला लबाडपणा होता.

आता आपल्या निवडणुकीकडे वळू. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या ७७ व्या कलमाप्रमाणे उमेदवाराने आपल्या निवडणूक खर्चाचा खरा हिशेब ठेवायचा असतो, व तो ठरलेल्या मर्यादेत असावा लागतो. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या राज्यांत ही मर्यादा विधानसभेसाठी ४० लाख व लोकसभेसाठी ९५ लाख रुपये करण्यात आली. निकालानंतर ३० दिवसांच्या आत हा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. हिशेब न देणाऱ्याला, किंवा नियमाप्रमाणे न देणाऱ्याला, निवडणूक आयोग तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. येथेही तीच गोष्ट दिसते. कायदा उमेदवाराला खर्च करू नको असे म्हणत नाही. चाळीस लाख ही काही लहान रक्कम नव्हे. कायदा एवढेच म्हणतो की, जे खर्च केले ते खरे लिही.

आणि घडते काय? जून २०१३ मध्ये महाराष्ट्राचे माजी उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे ह्यांनी मुंबईतील एका जाहीर कार्यक्रमात सांगितले की, २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपला आठ कोटी रुपये खर्च झाला. त्या वेळी मर्यादा होती २५ लाखांची, आणि त्यांनी दिलेला हिशेब त्या मर्यादेच्या आतला होता. निवडणूक आयोगाने त्यांना नोटीस दिली. पुढे त्यांच्यावर अपात्रतेची कारवाई झाली नाही. त्या बोलण्यातले खरे किती व ओघात आलेले किती, हे बाजूला ठेवू. विचार करण्याजोगी गोष्ट ही की, तो आकडा ऐकून सामान्य माणसाला फारसे आश्चर्य वाटले नाही. तक्ता एक व खर्च दुसरा, हे आपण सर्वांनी मनातल्या मनात मान्य करून टाकले आहे.

कायदा करणाऱ्यांनीही ह्या लपवाछपवीला हातभार लावला आहे. ऑक्टोबर १९७४ मध्ये कंवरलाल गुप्त विरुद्ध अमरनाथ चावला ह्या दिल्लीच्या एका निवडणुकीविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच खर्चात धरला पाहिजे. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून कायदा बदलला आणि पक्षाचा व मित्रांचा असा खर्च हिशेबातून वगळला. २००३ साली ही सवलत पुष्कळ कमी करण्यात आली, पण पक्षाच्या एकूण खर्चाला मर्यादा घातली गेली नाही. त्यानंतर २०१८ मध्ये निवडणूक रोख्यांची योजना आली. देणाऱ्याचे नाव जनतेला कळू न देता पक्षाला पैसा देण्याची ती वाट होती. स्टेट बँकेमार्फत सुमारे १६,५०० कोटी रुपयांचे रोखे विकले गेले व बहुतेक मोठ्या पक्षांनी ते घेतले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती योजना घटनाबाह्य ठरवली. मत देणाऱ्या नागरिकाला, आपल्या पक्षाला पैसा कोण देतो हे जाणण्याचा हक्क आहे, असा त्या निकालाचा आशय आहे.

ह्यावरून दिसते की, हा रोग एका पक्षाचा नाही व एका राज्याचाही नाही.

४. पेटीला भोक आणि मोजायला दोघे

मग पवित्र शास्त्र कोणता उपाय सांगते? पुष्कळ जण म्हणतील, चांगली माणसे निवडा म्हणजे झाले. चांगली माणसे हवीतच. परंतु शास्त्र तेवढ्यावर थांबत नाही.

२ राजे १२ ह्या अध्यायात योवाश राजाने मंदिराच्या डागडुजीसाठी येणारा पैसा याजकांच्या स्वाधीन केला होता. त्याच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षापर्यंत डागडुजी झालीच नाही. याजक चोर होते असे शास्त्र म्हणत नाही. पण पैसा येत होता आणि भिंत पडकीच होती. तेव्हा राजाने व्यवस्था बदलली. यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी ठेवली. पेटी भरली की राजाचा लेखक व मुख्य याजक असे दोघे मिळून पैसा मोजत, थैल्यांत बांधत आणि सुतार, गवंडी, पाथरवट ह्यांना देण्यासाठी कामावरील माणसांच्या हाती देत. तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: पेटी सर्वांसमोर, मोजणारे दोन, तेही दोन वेगळ्या अधिकारांचे, आणि पैसा ज्या कामासाठी आला त्याच कामाला.

ह्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात कामावरील माणसांकडून हिशेब घेत नसत, कारण ते विश्वासूपणे वागत, असे लिहिले आहे. कोणी हे वचन पुढे करून म्हणेल, पाहा, विश्वासू माणसाला हिशेब मागू नये! त्याला नम्रपणे सांगावे की, आधी दोघांनी मोजणी केलेलीच होती. आणि ज्यांना सूट मिळाली त्यांचे काम भिंतीवर सर्वांना दिसत होते. त्यांनी स्वतः होऊन सूट मागितली नव्हती.

पौलाचे उदाहरण तर ह्याहून बोलके आहे. यरुशलेमेतील गरीब बांधवांसाठी त्याने मासेदोनिया, करिंथ वगैरे ठिकाणच्या मंडळ्यांतून वर्गणी जमवली. तो प्रेषित होता. मी ख्रिस्तासाठी फटके खाल्ले, माझ्यावर विश्वास ठेवा, असे म्हणण्याचा त्याच्याइतका अधिकार कोणाला होता? परंतु तो तसे म्हणत नाही. तो तीताला पाठवतो व त्याच्याबरोबर आणखी एका बंधूला पाठवतो. आणि त्या बंधूची निवड पौलाने नव्हे, तर मंडळ्यांनी केलेली होती. एवढ्या मोठ्या देणगीच्या व्यवस्थेत कोणी आपल्याला दोष लावू नये म्हणून तो जपतो, आणि कारणही सांगतो: केवळ प्रभूच्या दृष्टीने योग्य ते करणे पुरेसे नाही, माणसांच्या दृष्टीनेही ते योग्य दिसले पाहिजे.

वाचकहो, "देव माझे मन जाणतो" हे वाक्य प्रार्थनेत शोभते, हिशेबाच्या वेळी शोभत नाही. संत्र्याच्या सौद्यात व्यापारी पेटीचा वरचा थर पाहून भाव ठरवीत नाही; हात खाली घालून तळचे फळ काढतो. त्यात बागवानाचा अपमान होत नाही. प्रामाणिक बागवान तर स्वतःच पेटी उलटी करून दाखवतो.

आपल्या देशाच्या कायद्यानेही असा हात खाली घालण्याची सोय ठेवली आहे. २००२ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण व आपल्यावरील फौजदारी प्रकरणे ह्यांची माहिती शपथपत्रावर द्यावी लागते. आणि निवडणुकीनंतर जो खर्चाचा हिशेब दाखल होतो, तो नियमांप्रमाणे कोणीही मनुष्य एक रुपया शुल्क भरून पाहू शकतो. एक रुपया! पूर्वी ह्यासाठी छिंदवाडा गाठावे लागे. आता जिल्ह्याचे ठिकाण पांढुर्णाच आहे. पाहायला किती जण जातात?

५. ज्याने वाटा घेतला तो हिशेब मागू शकत नाही

ह्या प्रश्नाशी आपण आपल्या स्वतःच्या दाराशी येतो. लोक हिशेब का मागत नाहीत? भीती हे एक कारण आहे, आळस हे दुसरे. परंतु सर्वांत मोठे कारण हे की, पुष्कळांनी त्या डबीतून थोडे थोडे घेतलेले असते. कोणी पाचशे रुपये, कोणी साडी, कोणी जेवण. ज्या हाताने घेतले, तो हात बोट दाखवण्यासाठी वर उचलत नाही. पुढाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. तो मत विकत घेतो असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे तो आपली पाच वर्षांची जीभ विकत घेत असतो.

आणि केवळ एकट्या माणसाची गोष्ट नाही. समजा, निवडणुकीच्या तोंडावर एक उमेदवार मंडळीच्या वडिलांकडे आला व म्हणाला, "तुमच्या उपासनामंदिराची आवारभिंत मी बांधून देतो, माझ्याकडे लक्ष असू द्या." काय उत्तर द्यावे? काही जण म्हणतील, पैसा आपल्या घरी तर न्यायचा नाही, देवाच्या कामाला लावायचा आहे. पण हीच तर यहूदाची भाषा! देवाच्या कामाचे नाव दिल्याने लाचेचे दान होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेप्रमाणे मतासाठी लाच देणारा अपराधी आहे तसाच घेणाराही आहे. मग त्याने ती स्वतःसाठी घेतलेली असो की दुसऱ्या कोणासाठी. खासदार निधीचा पैसा तर सरकारचा म्हणजे जनतेचाच असतो, आणि नियमांप्रमाणे तो प्रार्थनास्थळांच्या कामासाठी वापरता येत नाही. गावच्या रस्त्यासाठी, हातपंपासाठी, शाळेच्या खोलीसाठी नागरिक म्हणून अर्ज अवश्य करावा. तो आपला हक्क आहे. परंतु मंडळीच्या मतांची मोट बांधून तिची किंमत ठरवणे हा हक्क नव्हे.

"तो खातो, पण काम करतो," असेही म्हणतात. ह्या बोलण्यात गरिबाची लाचारी आहे, म्हणून त्याला हसू नये. ज्याच्या गावाला पाणी आले नाही त्याला पाणी आणणारा मोठाच वाटणार. परंतु नहेम्याच्या पाचव्या अध्यायात दिसते की, तो बारा वर्षे यहूदाचा सुभेदार होता, तटाचे काम त्याने स्वतः उभे राहून केले, आणि लोकांवर आधीच भार होता म्हणून सुभेदाराचा हक्काचा भत्ताही त्याने घेतला नाही. काम करणारा व न खाणारा, असा मनुष्य असू शकतो. शमुवेलाने तर निरोपाच्या वेळी सर्व लोकांना उभे करून विचारले की, मी कोणाचा बैल घेतला, कोणाच्या हातून लाच घेतली, ते सांगा, म्हणजे मी परत करीन (१ शमुवेल १२:३). आपल्या मुलांनी पुढाऱ्याचे चित्र मनात रंगवावे ते असे.

शेवटी, आपली स्वतःची डबी. मंडळीचे दानार्पण उपासनेनंतर दोघे जण मिळून मोजतात का? वर्षाचा जमाखर्च सभेपुढे वाचला जातो का? कापणीच्या सणाचा, तरुणसंघाच्या सहलीचा, नाताळच्या वर्गणीचा हिशेब फळ्यावर लागतो का? खजिनदाराला कोणी प्रश्न केला तर तो रागावतो, की वही उघडतो? ज्या मंडळीत खजिनदाराला प्रश्न करणे म्हणजे त्याचा अपमान समजला जातो, त्या मंडळीने आमदाराकडून कशाची अपेक्षा करावी? आणि जेथे पाळक व वडील आपण होऊन वही पुढे ठेवतात, तेथली मुले मोठी होऊन कोणत्याही कचेरीत निर्भयपणे हिशेब विचारतील.

शिक्षकांसाठी सूचना

लहान मुलांच्या वर्गाला यहोयादाच्या पेटीची गोष्ट सांगावी. पुठ्ठ्याची पेटी करून तिला मुलांकडूनच भोक पाडून घ्यावे. महिनाभर तिच्यात मुलांची नाणी टाकावीत व दर रविवारी दोन मुलांनी ती मोजून आकडा फळ्यावर लिहावा. मोजणारी जोडी दर वेळी बदलावी. पैसा कशासाठी वापरायचा हे आधीच ठरवावे व त्याच कामाला तो लावावा.

मोठ्या वर्गाने योहान १२ व २ करिंथ ८ हे दोन्ही भाग लागोपाठ वाचावेत व दोन डब्यांची तुलना करावी: एकीचा हिशेब एकट्याजवळ, दुसरीचा अनेकांसमोर. उदाहरणे देताना शिक्षकांनी एकाच पक्षाची देऊ नयेत, आणि वर्गात कोणत्याही उमेदवाराचा प्रचार होऊ देऊ नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. यहूदाचे शब्द योग्य होते, तर त्याची चूक कशात होती?

२. हनन्याने पैसे मागे ठेवले असते व तसे मोकळेपणी सांगितले असते, तर काय झाले असते?

३. पौलाने मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर का घेतला? आपल्या मंडळीत ह्याप्रमाणे काय करता येईल?

४. मताच्या बदल्यात मिळणारी वस्तू मंडळीच्या उपयोगाची असली, तर ती घ्यावी काय? कारणे द्या.

५. आपल्या विधानसभा क्षेत्रातील उमेदवारांचे शपथपत्र आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे?

समारोप

प्रभूने आपल्या शिष्यांना शास्त्र्यांपासून सावध राहा असे सांगितले, तेव्हा त्याने दोन गोष्टी एकत्र उच्चारल्या: ते लांबलचक प्रार्थना करतात आणि विधवांची घरे गिळतात (लूक २०:४६-४७). लगेच पुढच्या वचनांत एक दरिद्री विधवा भांडारात आपल्या दोन टोल्या टाकताना दिसते. त्या दोन टोल्यांचे मोल प्रभूला ठाऊक होते. आज सरकारी तिजोरीत काडेपेटीच्या खरेदीतूनही जो गरिबाचा पैसा जातो, पक्षाच्या पेटीत जो भोळ्या कार्यकर्त्याचा पैसा जातो, आणि आपल्या दानपात्रात जी म्हातारीची नोट पडते, त्या सर्वांचे मोल त्याला ठाऊक आहे. त्या पैशाचा हिशेब मागणे म्हणजे भांडण काढणे नव्हे. ज्याने तो कष्टाने दिला त्याचा मान राखणे होय. पुढच्या निवडणुकीत रिकाम्या हातांनी मतदान करावे, म्हणजे नंतर तेच हात हिशेबाची वही मागण्यासाठी पुढे करता येतील.